धुराला विशेषण कुठलं लावायचं?

मंडळी, जरा मदत हवीय. एक गोष्ट लिहितेय, त्यात गुऱ्हाळाचा प्रसंग आहे, पहाटेची वेळ, कडाक्याची थंडी आणि धुराड्यातून निघणारा धूर, बस एवढंच, आणि मी तासभर तिथेच अडकलेय. दाट धूर लिहिलं, खोडलं. काळाकुट्ट लिहिलं, तेही खोडलं कारण ते पेपरातल्या गोदामाला आग टाइप बातमीसारखं वाटायला लागलं. मग धूसर धूर लिहिलं तर नवरा म्हणाला हे पाणीदार पाणी झालं. तर वाचताना चित्र उभं राहील असं काही सुचवा ना, बोलीतलं असेल तर फारच छान.

प्रतिसाद १

नवरोबांना शंका आली ते बरोबर, पण कारण वेगळंय. धूसरचा धुराशी संबंधच नाही, संस्कृतात धूसर म्हणजे धुळीच्या रंगाचा. धुराच्या रंगाचा तो धूम्र, गणपतीचं धूम्रवर्ण नाव आठवा. आता मराठीत धूसर म्हणजे नुसतं अस्पष्ट असं झालंय, आठवणी धूसर वगैरे, त्यामुळे ते धुराला लावलं तर पुळचट वाटतं.

धुरकटचंही तसंच. धूर लागलेल्या वस्तूला धुरकट म्हणायचं, धुरकट काच, धुरकट चहा, चुलीवर तापवताना धुरकटलेलं दूध. धूर स्वतः कसला धुरकट असणार! आणि कोंदट खोली असते, धूर कोंदतो. गर्द धूर तर अजिबात नको, गर्द झाडी असते, आणि ऐंशी-नव्वदच्या दशकातले पेपर वाचलेल्यांना त्या शब्दाने गर्दुल्लेच आठवतील.

प्रतिसाद २

आमचं गुऱ्हाळ होतं कोल्हापूरकडं, आता बंद आहे, तो विषय वेगळा. विशेषण शोधायच्या आधी चुलवणात, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीत, काय जळतंय ते ठरवा, निम्मं काम तिथंच होतंय. चिपाडं, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा, कडकडीत वाळलेली असली की धूर जवळजवळ नसतोच, असला तर पातळ, निळसर. ओली चिपाडं आत गेली की पांढरा, जड, वाफाळ धूर येतो, आणि थंडीत पहाटे तो वर जायचं नावच घेत नाही, शेजारच्या उसाच्या शेंड्यांवर पसरून राहतो. आम्ही म्हणायचो, धूर बसलाय. ऊन तापलं की मग उठायचा.

निळसर म्हणालो त्यातही एक गंमत आहे, मागं गर्द झाडी असली तरच तो निळा दिसतो, तोच धूर वर आभाळाच्या उजेडात गेला की तपकिरी, पिवळट दिसायला लागतो. बारीक कण निळा उजेड जास्त विखुरतात म्हणून असं होतं. लहानपणी मला वाटायचं धूर वर जाताजाता शिळा होतो :)

आणि काळाकुट्ट खोडलंत ते बरं केलंत. रबर, तेल, प्लास्टिक नीट जळत नाही, काजळी होऊन बाहेर पडते, तो काळा. पहाटेच्या गुऱ्हाळावर काळाकुट्ट धूर लिहिला असता तर आमच्यासारखा वाचक लगेच म्हणाला असता, हे गडी टायर जाळायलेत.

(धागाकर्ती)

अगं बाई! म्हणजे एका विशेषणात मी गुऱ्हाळमालकाला गुन्हेगार केलं असतं. पण टायरची कल्पना वाईट नाही, पुढच्या गोष्टीत बघते.

प्रतिसाद ३

सगळे रंगावरच अडकलेत. धूर डोळे मिटूनही ओळखता येतो की! माझी आजी साताऱ्याची, सकाळी उलट्या तव्यावर मशेरी भाजायची, तो धूर दिसायला काहीच नाही, नुसती एक फिकी चिरगुटासारखी वळवळ, पण आम्ही माजघरात झोपलेलो असायचो तिथे येऊन घशात बसायचा. कडवट, खरखरीत. फोडणीत लाल मिरची करपली की जो उठतो त्याला ती धूर म्हणायचीच नाही, खाट म्हणायची. खाट उठला गं, दार उघड. आणि बाळंतिणीच्या धुरीचा धूर, निखाऱ्यावर ओवा नि बाळंतशेपा टाकलेला, तो उबदार. हे विशेषण मला दुसऱ्या कुठल्याच धुराला लावता येणार नाही. वडेवाल्याच्या कढईवरचा तेलकट, फटाक्यांचा गंधकी, केसात अडकून राहणारा. तुमच्या गुऱ्हाळावर तर काहिलीत, म्हणजे त्या मोठ्या कढईत, उकळणाऱ्या रसाचा गोड वास आणि धूर एकत्र असणार, तो गोडसर-करपट कुणी लिहिलेला वाचला नाहीये मी.

प्रतिसाद ४

थोडं अवांतर. बातम्यांत हल्ली धुराचे लोळ ऐकू येतात. माझ्या कानाला आगीचे लोळ, विजेचा लोळ आणि धुराचे लोट, धुळीचे लोट असंच बरोबर वाटतं. लोट म्हणजे लोटत येणारं काहीतरी, ते धुराला चपखल बसतं.

आणि धुवांधार हा शब्द, पाऊस धुवांधार, फलंदाजी धुवांधार, बऱ्याच जणांना तो धुण्यातून आलाय असं वाटतं पण तो हिंदी धुआँधार, म्हणजे त्यात धूरच आहे. भेडाघाटचा धुवांधार धबधबा बघितलाय का कुणी, खरंच पाण्याचा धूर दिसतो.

मूळ प्रश्नावर माझं मत, विशेषण कमी करा, क्रियापद शोधा. धूर कोंदतो, रेंगाळतो, घुटमळतो, साचतो, विरतो, वर २ नंबरच्या प्रतिसादात बसतो आणि उठतो हे आलंच, त्यापुढे दाट-बिट काय टिकणार. फक्त धुमसतो लिहू नका, धुमसते ती आग. किंवा सासू :)

(धागाकर्ती)

सगळ्यांना थँक्यू, सासूवालं घरी वाचून दाखवणार नाही. आत्ता असं लिहिलंय: चुलवणात ओली चिपाडं पडली आणि थोड्या वेळाने पांढरा धूर उसाच्या शेंड्यांवर जाऊन बसला. पांढरा हे एकच उरलंय, काढू का तेही?

प्रतिसाद २

पांढरा राहू दे, शहरातल्या वाचकाला ओल्या चिपाडावरनं रंग कळायचा नाही. पण चिपाडं चुलवणात पडत नाहीत हो, आत सारावी लागतात. तेवढं बदला.