कोळशावर मांस धुरावण्यासाठी कोणता स्मोकर निवडावा?

प्रश्न

सर्वांना नमस्कार. गेली काही वर्षे मी उघड्या शेगडीवर जाळी ठेवून मांस भाजत आलो आहे आणि त्यात हात चांगला बसला आहे. आता मात्र मंद आचेवर, धुराच्या संगतीत सात-आठ तास शिजवलेले मांस घरी करायचे मनात आहे. घरामागे मोकळी जागा आहे. आम्ही चौघे जण आहोत आणि पाहुणे आले तर आठ-दहा पाने होतात. महिन्यातून एक-दोन वेळाच हा घाट घातला जाईल.

तीन प्रकार पाहून ठेवले आहेत: गोल झाकणाचा केटल ग्रिल, नळकांड्यासारखा उभा बुलेट स्मोकर आणि बाजूला जळणाचा वेगळा कप्पा असलेला आडवा ऑफसेट स्मोकर. शेवटचा सर्वांत भारदस्त दिसतो आणि मन तिकडेच ओढ घेते. एक गोष्ट सांगायला हवी. मागच्या महिन्यात मी शेगडीवरच मोठे पातेले उपडे घालून कोंबडी धुरावून पाहिली, तेव्हा ती वरून काळी पडली आणि चवीला इतकी कडू झाली की कातडी काढूनही खाववेना. हा दोष साधनाचा होता की माझ्या पद्धतीचा, हे कळले तर निवड करणे सोपे जाईल.

प्रतिसाद १

आपल्या कडू कोंबडीतच आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. पातेल्याखाली कोंडलेल्या आगीला हवा अपुरी पडली, लाकूड पूर्ण जळण्याऐवजी नुसते धुमसत राहिले आणि त्यातून निघालेला दाट पांढरा धूर मांसावर डांबरासारखा बसला. चांगला धूर जवळजवळ दिसत नाही; उन्हात पाहिले तर झडपेतून निघणारी फिकट निळसर रेघ तेवढी जाणवते. ती रेघ दिसेपर्यंत मांस आत ठेवू नये.

म्हणूनच स्मोकर हे मुळात हवेवर ताबा ठेवण्याचे साधन आहे, असे मी मानतो. खालच्या झडपेतून आत येणारी हवा आच ठरवते आणि वरच्या झडपेतून धूर बाहेर पडतो. वरची झडप पूर्ण किंवा निदान अर्धी तरी उघडी ठेवून सगळे नियंत्रण खालच्या झडपेने करायचे असते. त्यामुळे विकत घेताना आकार किंवा रंग पाहण्याआधी झाकण नीट बसते का, झडपा हलक्या हाताने सरकतात का आणि सरकवल्या तिथेच राहतात का, हे पाहावे. अंधारात आत विजेरी लावून झाकण बंद केले की कोणत्या सांध्यातून उजेड येतो ते स्पष्ट दिसते. जिथून उजेड येतो, तिथून हवाही शिरते.

आपली गरज पाहता मी ५७ सेंटिमीटर व्यासाचा केटल ग्रिल सुचवेन. हा आकार काही आजचा नाही. १९५२ साली शिकागो परिसरातील धातुकामाच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी वाऱ्यापावसापासून आग वाचवण्यासाठी पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचे दोन अर्धगोल वापरून तो तयार केला आणि झाकण व झडपा हेच त्याचे मर्म ठरले. यात भाजता येते आणि धुरावताही येते, त्यामुळे महिन्यातून दोनदा वापरायचे साधन एरवी अडगळ होऊन पडत नाही.

धुरावताना ब्रिकेट (भुकटी दाबून केलेल्या सारख्या आकाराच्या वड्या) कोळशाच्या दोन रांगा कडेने अर्धवर्तुळात एकमेकींना चिकटून लावाव्यात, त्यांवर दुसरा थर द्यावा आणि एका टोकाला आठ-दहा पेटलेले निखारे ठेवावेत. आग वातीसारखी हळूहळू पुढे सरकते. समोरच्या बाजूला पाण्याचा उथळ ट्रे ठेवून त्याच्या वर मांस ठेवावे आणि झाकणाची झडप मांसाच्या डोक्यावर येईल असे झाकण फिरवावे. ११० ते १३० अंश सेल्सिअस तापमान अशा रीतीने पाच-सहा तास सहज टिकते. त्याहून जास्त वेळ लागणार असेल तर रांगेच्या शेपटाला आणखी कोळसे जोडता येतात.

प्रतिसाद २

हवेविषयीचे वरचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. मात्र ‘सात-आठ तास’ हे शब्द आपण विचारपूर्वक लिहिले असतील, तर बुलेट स्मोकरचा विचार अवश्य करावा. यात तळाशी कोळशाचे कडे, त्यावर पाण्याचे भांडे आणि त्यावर एकाखाली एक अशा दोन जाळ्या असतात, त्यामुळे थोड्याच जागेत आठ-दहा जणांचे मांस मावते. कडे न पेटवलेल्या कोळशाने भरायचे आणि वर मूठभर पेटलेले निखारे पसरायचे; आग वरून खाली उतरत जाते आणि ४७ सेंटिमीटरच्या स्मोकरमध्ये एका भरणीवर आठ तासांहून अधिक काळ निघतो. पाणी १०० अंशांच्या आसपास उकळून वाफ होत राहते आणि तोवर जादा धग शोषून घेते. ते भांडे प्रामुख्याने तापमान आवरण्यासाठी असते. मांस मऊ राहते ते योग्य आचेमुळे आणि वेळेवर उतरवल्यामुळे. खालच्या जाळीवरचे मांस काढण्यासाठी वरची जाळी उचलावी लागते, एवढी एक अडचण आहे.

साधन कोणतेही घ्या, पण पैसे वाचवायचे म्हणून थर्मामीटरवर काट मारू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. झाकणावरची तबकडी घुमटाखालची हवा मोजते, तर मांस जाळीवर असते आणि या दोन ठिकाणी पंधरा-वीस अंशांचा फरक सहज पडतो. दोन सळ्यांचा डिजिटल थर्मामीटर घ्यावा. एक सळी जाळीलगत आणि दुसरी मांसाच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकता खुपसावी. बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवतो का, हे वापरण्याआधी तपासावे. कोंबडी आतून ७४ अंशांवर सुरक्षित होते. डुकराचा खांदा त्याच्या कितीतरी आधी शिजतो, पण ९० ते ९५ अंशांपर्यंत नेल्याशिवाय त्यातले चिवट धागे विरघळून जिलेटिन होत नाही. मधेच, ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान, थर्मामीटरवरचा आकडा दोन-तीन तास जागचा हलत नाही, कारण मांसातून उडणारी वाफ मांसाला थंड करत असते. नवखा माणूस इथेच घाबरून झडपा उघडतो आणि तोवर जमवलेली आच बिघडवून बसतो.

प्रतिसाद ३

ऑफसेटकडे आपले मन ओढ घेते आहे, म्हणून माझा अनुभव लिहितो. माझा पहिला स्मोकर तोच होता आणि तो पातळ पत्र्याचा होता. दाराच्या फटीतून धूर, सांध्यातून धूर, आणि दर अर्ध्या तासाला जळण घालूनही वाऱ्याची झुळूक आली की तापमान वीस अंशांनी खाली यायचे. जळणाच्या कप्प्याजवळचे मांस करपायचे, तेव्हा दुसऱ्या टोकाचे अजून कच्चे असायचे. मी सांध्यांना धगीत टिकणारी दोरी लावली, आत पत्र्याचा आडोसा बसवला, तरी दीड वर्षात तो काढून टाकावा लागला. ऑफसेट चांगला चालतो तो साधारण सहा मिलिमीटर जाडीच्या पोलादाचा असेल तर. त्याचे वजन दोघा-चौघांनाही हलत नाही, आणि खरे तर तो लाकडाच्या जिवंत आगीसाठी असतो, कोळसा फक्त तिचा पाया घालतो. दिवसभर आगीपाशी बसण्यात ज्याला आनंद आहे, त्याने तो जरूर घ्यावा.

जाड चिनी मातीच्या, कामाडो नावाच्या झाकणबंद स्मोकरचे नाव आपण घेतलेले नाही, तरी सांगतो. थोड्या कोळशात तो दिवसभर तापमान धरून ठेवतो; परंतु एकदा जास्त तापला की निवायला तासाहून अधिक वेळ घेतो, म्हणून चढत्या आचेला आधीच लगाम घालावा लागतो. पिंपापासून घरी स्मोकर बनवण्याचा विचार आला, तर पिंपात पूर्वी खाद्यपदार्थच होते याची खात्री करावी, आतला लेप जाळून काढावा आणि जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा जाळी मुळीच वापरू नये, कारण तापल्यावर जस्ताची वाफ अंगाला बाधते.

प्रश्नकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. ऑफसेटचा विचार सोडला आहे आणि केटलपासून सुरुवात करतो. दोन-तीन महिन्यांत हात बसला की बुलेटचे पाहीन. दोन शंका राहिल्या आहेत. कोळसा ब्रिकेटच घ्यावा की साधा लाकडी? आणि पावसात स्मोकर घराच्या पडवीत ठेवला तर चालेल का?

प्रतिसाद १

रांगेच्या पद्धतीसाठी ब्रिकेट घ्यावेत, कारण सारख्या आकारामुळे ते सारख्या वेगाने जळतात. लाकडी कोळसा अधिक कडक जळतो आणि राख कमी करतो, पण लहान-मोठ्या तुकड्यांमुळे आच वर-खाली होते. लगेच पेटावेत म्हणून तेलात भिजवलेले ब्रिकेट धुरावण्यासाठी टाळावेत. अर्धे न पेटलेले कोळसे मागाहून पेटत राहतात आणि तो वास मांसाला लागतो. धुरासाठी ओक किंवा सफरचंदासारख्या फळझाडाच्या सुक्या लाकडाचे मुठीएवढे दोन-तीन ठोकळे पुरे होतात. ते भिजवू नयेत, कारण भिजवलेले पाणी उडेपर्यंत नुसती वाफ निघते. पाइनसारखे राळेचे, रंगवलेले किंवा प्लायवूडचे लाकूड कधीही घालू नये.

पडवीत मात्र अजिबात नको. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही, आणि खिडकी उघडी आहे एवढ्यावर त्याच्यापासून बचाव होत नाही. पाऊस असेल तर तो दिवस सोडावा. शिजवून झाल्यावर दोन्ही झडपा घट्ट बंद कराव्यात, म्हणजे आग गुदमरून विझते आणि उरलेला कोळसा पुढच्या खेपेला कामी येतो. राख दुसऱ्या दिवशी काढली तरी ती झाकणाच्या लोखंडी बादलीतच टाकावी, कारण वरून पांढऱ्या गार दिसणाऱ्या राखेच्या पोटात निखारा बराच काळ जिवंत राहतो.