उद्यमबागेतल्या चोऱ्या आणि बाहेरचे मजूर

एकांनी लिहिलंय की बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, बिहार-ओडिशाचे मजूर आले आणि चोऱ्या वाढल्या. एवढं सरळ नसतं हो. अमेरिकेतल्या शिकागोत शॉ आणि मॅके या गुन्हेगारीच्या अभ्यासकांनी 1942 मध्ये दाखवून दिलं, की शहराच्या मध्याजवळच्या त्याच पडक्या वस्त्यांत आधी जर्मन-आयरिश राहिले, मग पोलिश-इटालियन आले, पुढं कृष्णवर्णीय. माणसं बदलली तरी बालगुन्हेगारी तिथं चढीच राहिली. जे बाहेर पडले त्यांची उतरली. त्याच शहरात समाजशास्त्रज्ञ सॅम्पसन आणि सहकाऱ्यांना 2005 मध्ये आढळलं, की स्थलांतरितांच्या पहिल्या पिढीकडून हिंसा होण्याची शक्यता तिसरीपेक्षा 45 टक्क्यांनी कमी. म्हणजे रुळल्यावर बिघाड, घ्या!

फौंड्रीतल्या (ओतकामाच्या कारखान्यातल्या) या मजूर पोरांची खोली बघा एकदा. पत्र्याखाली आठ जण, भाडेकरार नाही, पाळी संपली की डाळ-भात आणि घरी व्हिडिओ कॉल. गल्लीतली सायकल गेली की पहिली झडती तिथंच, मग नोंदीही तिथल्याच जास्त. (आपली खानापूरची पोरं गोव्यात कामाला जाऊन हेच बोलणं खातात, ते मात्र झोंबतं.) हिशेब मांडायचाच तर ठाण्यातल्या नोंदी गल्लीवार मागवा, मजूर यायच्या आधीची वर्षंही धरून.