म्हातारा बिअर्डेड ड्रॅगन दिवसभर पडून राहतो

प्रश्न (जळगाव): माझा बिअर्डेड ड्रॅगन (पाळीव सरडा) नर, वय ९ वर्षं. पंधरा दिवसांपासून कोपऱ्यात पडून असतो, खाणं निम्म्यावर आलंय. दिवे चालू आहेत. वय झालं म्हणून, की आजार?

उत्तर (भुसावळ): भाऊ, वयावर ढकलण्याआधी तापमान मोजा. ऊन घेण्याच्या दगडावर ३८ ते ४० अंश, थंड बाजूला २५ च्या आसपास हवं. आपल्याकडे थंडीत रात्री पारा १० पर्यंत उतरतो; ऊब कमी पडली की पोटातलं अन्न पचत नाही, तसंच सडतं. यूव्हीबी नळी (अतिनील किरणं देणारा दिवा) पेटते म्हणजे चांगली आहे असं धरू नका. उजेड राहतो, किरणं आधीच संपतात. वर्षाला बदलाच. काचेतूनही ती किरणं येत नाहीत.

उत्तर (धुळे): हिवाळी झोपही असेल. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन घ्या. झोपेत ते फारसं घटत नाही. १० टक्के उतरलं, पाय थरथरले किंवा जबडा मऊ लागला तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या, विष्ठाही तपासा. पालक रोज नको, कॅल्शियम अडवतो. शेवग्याचा पाला, किसलेलं डांगर द्या.

उत्तर (भुसावळ): बसायची फांदीही खाली घ्या, म्हाताऱ्या सांध्यांना चढवत नाही.