जुन्या गाडीचं आयडलिंग बिघडलं: तुम्ही घरच्या घरी दोष कसा शोधलात?

आयडलला, म्हणजे रेस न देता गाडी चालू ठेवून उभी असली की इंजिन थरथरतं, आरपीएमचा काटा खाली-वर होतो, मध्येच गाडी बंद पडते. रेस दिली की मात्र सगळं सुरळीत. यावर बहुतेकांना एकच सल्ला मिळतो: प्लग (ठिणगी पाडणारा) बदला, नाही जमलं तर कॉइल (प्लगला वीज देणारी) बदला, मग बघू. आधी दोष शोधावा आणि मगच सुटा भाग घ्यावा, असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा. नुसतं काय बदललं ते नको. गाडी नेमकी केव्हा थरथरायची (थंड असताना, तापल्यावर, एसी लावल्यावर) आणि त्यावरून तुम्ही मुळापर्यंत कसे पोचलात, ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो. इंजेक्शनची चार सिलिंडरची पेट्रोल गाडी. काटा ७५०च्या आसपास स्थिर हवा, तो ५०० ते १००० हेलकावे खायचा. २००० आरपीएमच्या वर इंजिन अगदी शांत. खूण हीच होती. आयडलला थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जवळजवळ बंद असतो, मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीत) व्हॅक्यूम भरपूर आणि इंजिनला लागणारी हवा अगदी थोडी. कुठून तरी चोरून शिरलेली जराशी हवाही तेव्हा मिश्रण बिघडवते. रेस दिली की तेवढीच गळती एकूण हवेत नगण्य ठरते.

इंजिन चालू ठेवून व्हॅक्यूमचे रबरी पाइप एकेक करून चिमट्याने दाबत गेलो. पीसीव्हीचा (इंजिनच्या पोटातली वाफ पुन्हा आत ओढणारा) पाइप दाबला आणि काटा जागच्या जागी थांबला. त्या पाइपाच्या वळणावर, खालच्या बाजूला, वरून कधीच दिसली नसती अशी चीर होती. मॅनिफोल्डच्या जोडांवर साबणाचं पाणी फवारूनही गळती सापडते. पाणी आत ओढलं गेलं की इंजिनचा आवाज बदलतो. काहीजण यासाठी कार्बोरेटर क्लीनर वापरतात. तो पेट घेतो आणि शेजारीच तापलेला एक्झॉस्ट असतो, म्हणून मी पाण्यावरच थांबतो.

* * *

माझ्याकडे ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) होता. कोड आला पी ०३०३, म्हणजे तिसरा सिलिंडर मिसिंग करतोय, त्यात पेट्रोल नीट पेटत नाही. कोड फक्त जागा सांगतो, कारण नाही. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल होती, म्हणून इंजिन बंद करून तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावली, कोड पुसला आणि गाडी फिरवून आणली. आता कोड पी ०३०१. दोष कॉइलबरोबर सरकला, विषय संपला. तो तिसऱ्यावरच राहिला असता तर पुढे प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग).

हाच कोड पी ०३०० आला तर मिसिंग एका सिलिंडरपुरतं नाही. सोबत पी ०१७१ असेल तर मिश्रणात हवा जास्त आहे. तेव्हा कॉइलच्या मागे न लागता वरच्या अनुभवातले पाइप तपासा.

* * *

कॉइल-ऑन-प्लग (प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल) नसलेल्या, वायरींच्या गाड्यांसाठी: दमट हवेत माझी गाडी जास्त मिसिंग करायची. अंधार पडल्यावर बोनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं आणि प्लगच्या वायरींवर पाण्याचा बारीक तुषार मारला. एका वायरीवरून इंजिनच्या धातूकडे निळी ठिणगी उडताना स्पष्ट दिसली. हात पूर्ण लांब ठेवा, तिथे हजारो व्होल्ट असतात.

* * *

आमच्या गाडीत स्टिअरिंग आणि सीट थरथरायची, पण आरपीएमचा काटा स्थिर आणि एक्झॉस्टचा आवाजही एकसारखा. म्हणजे इंजिन ठीक, थरथर बॉडीत येतेय. इंजिन ज्यावर बसवलेलं असतं त्या माउंटिंगचं रबर फाटलेलं निघालं.

* * *

माझं प्रकरण जरा खोलातलं. थंड असताना आयडल चांगलं, तापल्यावर एक सिलिंडर मिसिंग. स्पार्क होता, इंजेक्टर टिकटिकत होता. कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारा) लावला. तीन सिलिंडर जवळपास सारखे, चौथा बराच खाली. त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजलं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर आकडा चढला असता. चढला नाही, म्हणून लक्ष व्हॉल्व्हकडे गेलं. टॅपेट (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा भाग) कव्हर काढून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हला फटच उरली नव्हती. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह लांबतो, सीटवर नीट बसत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. मॅन्युअलप्रमाणे टॅपेट सेट केल्यावर चौथा सिलिंडर बाकीच्यांच्या बरोबरीला आला. असं चालवत राहिलो असतो तर व्हॉल्व्ह जळला असता. टॅपेट फार आवाज करत नाहीत म्हणून ते ठीक आहेत असं समजू नका. घट्ट झालेला टॅपेट उलट शांत असतो.

* * *

एक छोटी भर. इतर वेळी गाडी उत्तम, पेट्रोल भरून निघालं की मात्र आयडल ढासळायचं. टाकीतली वाफ इंजिनकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता. काढून फुंकर मारली. वीज न देता तो बंद असायला हवा, माझ्याकडच्यातून हवा आरपार गेली.

* * *

माझी जुनी डिझेल आहे. सकाळी पहिल्या स्टार्टला जोरात थरथरते, पांढरा धूर येतो, थोड्या वेळात शांत होते. दिवसभर काही नाही. कुठून सुरू करू?

* * *

ग्लो प्लगपासून (थंड डिझेल इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे). इंजिन थंड आणि बंद असताना प्रत्येक ग्लो प्लगची वायर काढा आणि मल्टीमीटरने प्लगचं टोक ते इंजिनची बॉडी असा रोध मोजा. चांगला प्लग अगदी कमी, साधारण एखाद-दोन ओहम दाखवतो. जळलेला सर्किट उघडं दाखवतो. सगळे ठीक असतील तर चावी फिरवल्यावर त्यांच्यापर्यंत व्होल्टेज येतंय का ते बघा, कारण त्यांना वीज जोडणारा रिलेही (विजेवर चालणारा स्विच) जातो. आणि इंजिन गॅरेजमध्ये चालू करू नका, दार उघडं असलं तरी गाडी बाहेर काढूनच स्टार्ट करा. काय आकडे येतात ते इथे लिहा, पुढचं त्यावरून ठरवू.