न्हाणीघरातील बारीक केसाळ माश्या: फिनेल, उकळते पाणी, फवारा, सर्व करून झाले

प्रश्न : सहकारनगरकर

नमस्कार. आम्ही सहकारनगरमधील एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. पाऊस सुरू झाल्यापासून पाहुण्यांच्या खोलीलगतच्या न्हाणीघरात भिंतीच्या फरश्यांवर करड्या रंगाच्या, तिळाहून थोड्या मोठ्या माश्या बसलेल्या दिसतात. पंख केसाळ आणि टोकाला निमुळते आहेत. चिरडली तर बोटाला राखेसारखी भुकटी लागते. हाकलल्यास हातभर उडून त्या पुन्हा भिंतीवरच बसतात. मी आठ दिवस मोरीत फिनेल ओतले, दोनदा पातेलेभर उकळते पाणी ओतले आणि शेवटी कीटकनाशकाचा फवाराही मारला. फवाऱ्यानंतर संध्याकाळी एकही दिसत नाही आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दहा-बारा हजर असतात. सासूबाईंना दमा असल्यामुळे रोज फवारा मारणे शक्य नाही. या माश्या चावतात का, आणि त्या कायमच्या कशा जातील?

उत्तर : मोरीचा अभ्यासक

आपण केलेल्या वर्णनावरून या मोरीतल्या माश्याच आहेत, ज्यांना इंग्रजीत ड्रेन फ्लाय म्हणतात. त्या चावत नाहीत. काळा आजार पसरवणारी वाळूमाशी त्यांच्याच सायकोडिडी कुळातली असली, तरी तिची उपशाखा वेगळी आहे, त्यामुळे नात्यावरून घाबरण्याचे कारण नाही. मात्र मेलेल्या माश्यांच्या पंखांची भुकटी मोठ्या प्रमाणात हवेत मिसळली, तर संवेदनशील व्यक्तीला श्वासाचा त्रास होऊ शकतो. तेव्हा सासूबाईंसाठी भिंतीवरच्या माश्या झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपून घ्याव्यात.

आता फवारा का फसतो, ते पाहा. भिंतीवर दिसते ती प्रौढ माशी, आणि ती फार तर दोन आठवडे जगते. तिची अंडी आणि अळ्या असतात पाइपाच्या आतील भिंतीला चिकटलेल्या बुळबुळीत थरात. साबण, केस, त्वचेचा मळ आणि जिवाणू यांचा तो थर हेच अळ्यांचे घर आणि हेच त्यांचे अन्न. अंडी साधारण दोन दिवसांत फुटतात आणि उबदार, दमट हवेत एक ते तीन आठवड्यांत नवी पिढी बाहेर पडते. फिनेल आणि उकळते पाणी त्या थरावरून घसरून पुढे निघून जाते. शिवाय अळीच्या शेपटाकडे श्वासनळी असल्यामुळे ती थरात रुतूनही तग धरते. उकळत्या पाण्याचा आणखी एक तोटा असा, की पीव्हीसी पाइप त्याने मऊ पडतो, म्हणून तो उपाय थांबवावाच.

प्रथम उगम शोधा. रात्री प्रत्येक मोरीची जाळी कोरडी पुसून तिच्यावर रुंद पारदर्शक चिकटपट्टी, चिकट बाजू खाली करून, हवेला थोडी फट ठेवून लावा आणि सकाळी कोणत्या पट्टीवर किती माश्या अडकल्या ते मोजा. तीन-चार रात्री हे करावे, कारण त्या रोज बाहेर पडतातच असे नाही.

उत्तर : पेठेतले काका

वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त पुढचे काम हाताने करावे लागते, एवढे सांगतो. पुण्यातील बहुतेक जुन्या सदनिकांत जाळीखाली नहाणी ट्रॅप, म्हणजे तळाशी पाणी साठवून गटाराकडचा मार्ग बंद ठेवणारे भांडे, असतो आणि त्यात एक उपडी वाटी बसवलेली असते. हातमोजे घालून ती उचला. आमच्याकडे वाटीची वरची बाजू स्वच्छ पांढरी होती आणि आतून मात्र काळ्या जेलीसारखा बोटभर थर होता. त्यात बारीक दोऱ्यासारख्या अळ्या वळवळत होत्या. मी बाटल्या धुण्याचा लांब ब्रश आत घालून पाइपाच्या कडा खरवडल्या, मग एन्झाइम असलेले ड्रेन क्लीनर रात्री झोपताना ओतले आणि सकाळपर्यंत पाणी सोडले नाही. खायचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस दिसायला छान असतो, पण थर खरवडल्याशिवाय त्याचा फारसा उपयोग होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

वापरात नसलेल्या न्हाणीघरात ट्रॅपमधले पाणी आटते आणि चेंबरकडचा मार्ग मोकळा होतो. तिथे आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतत जा.

उत्तर : बिबवेवाडी

घाईत एकच सूचना. कोणी ॲसिड आणि ब्लीच एकापाठोपाठ ओतू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि घरात दम्याचा रुग्ण असताना तर हा खेळ नकोच.

उत्तर : मोरीचा अभ्यासक

एक राहिले. बेसिनच्या वरच्या कडेजवळ जास्तीचे पाणी जाण्यासाठी जे छिद्र असते, तिथेही हाच थर साठतो आणि तिथे कोणी ब्रश घालत नाही. आणि माश्या उडण्याऐवजी तुरुतुरु पळत असतील, तर त्या वेगळ्या जातीच्या असून फरशीखाली पाइप फुटल्याची शंका घ्यावी लागते.

सहकारनगरकर

सर्वांचे आभार. चार रात्री चिकटपट्ट्या लावल्या. ज्या न्हाणीघरावर मी महिनाभर संशय घेतला, तिथे एकूण दोनच माश्या सापडल्या. भिंतीपलीकडच्या ड्राय बाल्कनीतील मोरीवर मात्र एकोणीस. वॉशिंग मशीनचा पाइप तिथेच सुटतो. काकांनी सांगितल्याप्रमाणे वाटी काढली, तर तिच्याखाली सुतळी, एक बटण आणि कपड्यांच्या धाग्यांचा लगदा त्या काळ्या थरात घट्ट बसला होता. ब्रशने दोन वेळा खरवडले, ड्रेन क्लीनर सलग पाच रात्री ओतले आणि न्हाणीघरातील ट्रॅपही पाण्याने भरून ठेवला. पहिल्या आठवड्यात माश्या दिसतच होत्या आणि मी पुन्हा फवाऱ्याकडे वळणार होते, पण आधीच निघालेल्या प्रौढ माश्या मरायला वेळ लागणार, हे लक्षात ठेवून थांबले. आज अठरावा दिवस आहे. काल पट्टीवर एक होती, आज एकही नाही. पट्ट्या आणखी पंधरा दिवस चालू ठेवणार आहे.