लुकबानचा पाहियास (१५ मे): किपिंग कसं करतात आणि उत्सव नीट बघायचा तर कसा?

पाऊलवाट
फिलिपिन्समधल्या केसोन प्रांतातल्या लुकबान गावाचा पाहियास उत्सव येत्या मेमध्ये बघायचा विचार आहे. घरांवर जी रंगीत पानं लटकवतात ते किपिंग तांदळाचं असतं, एवढं समजलं. फोटोत तरी ते आपल्या फेण्यांसारखंच दिसतं. ते नेमकं कसं करतात? खातात का? आणि १५ तारखेलाच पोचलं तर चालेल, की आधी जावं? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

दुर्वांकुर
फेण्यांशी साम्य आहे खरं, पण किपिंगमध्ये खरं काम पानाचं असतं. पान हाच साचा.

तांदूळ भिजवून पाण्यासकट अगदी गंधासारखा मऊ वाटतात. या वाटणाला तिकडे गालापोंग म्हणतात. त्यात रंग घालतात: लाल, पिवळा, हिरवा, राणी. पानं काबाल नावाच्या झाडाची घेतात, शिवाय कॉफी, कोको, तालिसाय (म्हणजे आपला देशी बदाम) यांचीही चालतात. पान निबर आणि अखंड हवं. कोवळं पान वाफेत लुळं पडतं आणि फाटक्या कडेची फाटकी कड किपिंगवर जशीच्या तशी उमटते.

पान धुऊन पूर्ण कोरडं करायचं, कारण ओल राहिली की पीठ ओघळून एका बाजूला साचतं. मग एकाच बाजूला पातळ थर द्यायचा आणि काही मिनिटं वाफवायचं. थर जाड झाला तर मधल्या शिरेपाशी कच्चा राहतो आणि फार पातळ झाला तर सोलताना चिरतो. वाफवल्यावर घाई करायची नाही. पान पूर्ण गार झालं की देठाकडून हळू सोलायचं. गरम असताना ओढलं तर निम्मं किपिंग पानालाच चिकटून राहतं. नीट सुटलं तर पानाची एकेक शीर त्यावर उठलेली दिसते, आणि किपिंग चांगलं की वाईट हे त्या शिरांवरूनच ओळखावं.

सोललेली पानं एकावर एक रचून वर वजन ठेवतात, नाहीतर वाळताना गुंडाळी होते. ओलसर राहिली तर बुरशी धरते. लुकबान बानाहाव डोंगराच्या पायथ्याशी आहे, हवा दमट, त्यामुळे हे सगळं काही आठवडे आधीच सुरू करावं लागतं.

झुंबरासारखी जी रचना दिसते ती आरान्ग्या. सांगाड्यावर किपिंगचे थर एकावर एक असे लावतात की वरच्या थराने खालच्याची बांधणी झाकली जावी. आतून दिवा लावला की शिरा उजळतात. म्हणून एक फेरी रात्री माराच.

माजघर
वर सगळं आलंच आहे, पण पाहियास म्हणजे नुसतं किपिंग नव्हे, हे आवर्जून सांगायला हवं. सान इसिद्रो लाब्राडोर हा शेतकऱ्यांचा संत, १२व्या शतकातला माद्रिदचा शेतमजूर, १६२२ साली संत म्हणून घोषित झाला. १५ मे हा त्याचा सण. पूर्वी शेतकरी पीक आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेत. पुढे ते तिथे मावेना, म्हणून आपापल्या दारात मांडायचं आणि पाद्रींनी गल्लीतून फिरून आशीर्वाद द्यायचा, अशी रीत पडल्याचं सांगतात.

त्यामुळे घराची सजावट त्या घराच्या धंद्यावरून वाचता येते. शेतकऱ्याच्या भिंतीवर भाताच्या लोंब्या, शेंगा, भोपळे. टोप्या विणणाऱ्यांकडे बुरी ताडाच्या टोप्या. कुठे लोंगानिसाच्या (तिकडचं मसालेदार सॉसेज) माळा. मला विचाराल तर सजावटीच्या स्पर्धेत बक्षीस मिळालेल्या घरांपेक्षा अशी घरं जास्त वेळ देऊन बघावीत.

त्या संताच्या मिरवणुकीचा मार्ग दरवर्षी बदलतो आणि सजतात ती त्या मार्गावरचीच घरं. जुन्या फोटोंवरून गल्ली शोधत बसू नका. त्या वर्षीचा मार्ग नगरपालिका जाहीर करते, तो बघा. आणि मिरवणूक जाण्याआधी भिंतीवरचं काहीही तोडू नये, शेंगसुद्धा. ते नैवेद्यासारखं मांडलेलं असतं.

गवती_चहा
१४ ला दुपारपर्यंत पोचा. सजावट चढताना बघायला मिळते आणि गर्दी कमी असते. १५ ला मुख्य रस्ते गाड्यांना बंद असतात, शेवटचा टप्पा पायीच करावा लागतो.

मनिलाहून थेट गाडी शोधण्यापेक्षा तिथल्याच कुबाओ किंवा बुएन्दिया भागातून लुकबानजवळच्या लुसेना शहराची बस धरा, लुसेनाच्या ग्रँड सेंट्रल टर्मिनलवरून लुकबानची जीपनी (तिकडची सामायिक प्रवासी जीप) मिळते. गावात खोल्या फार आधी भरतात, तेव्हा लुसेना किंवा शेजारच्या तायाबासला राहणं सोयीचं. मेमध्ये दुपारी सर येऊ शकते आणि भिजलं की किपिंग लिबलिबीत होतं, म्हणून फोटो सकाळीच काढून घ्या.

एक मात्र लक्षात ठेवा: तायाबास आणि सारियायालाही सण १५ लाच. तायाबासला घरांतून सुमान (पानात गुंडाळलेला चिकट तांदळाचा पदार्थ) गर्दीत फेकतात. सारियायाला दारात बांबूंना खाऊ, भाज्या बांधतात आणि मिरवणूक पुढे सरकली की लोक त्यावर तुटून पडतात. तिन्ही गावं एका दिवसात करायला जाऊ नका, वाहतुकीत दिवस जाईल.

पाऊलवाट
सर्वांचे मनापासून आभार! १४ चंच ठरवते. खाण्याचं राहिलं. किपिंग विकत घेऊन तळता येतं ना?

दुर्वांकुर
येतं. पण भिंतीवरून उतरवलेलं नको. त्यावर धूळ बसलेली असते, शिवाय रंग खाण्याचाच असेल याची खात्री नसते. खाण्यासाठी म्हणून वेगळं बांधलेलं मागा. तेल चांगलं तापलेलं हवं, एकेकच सोडायचं, क्षणात फुलतं. कोमट तेलात टाकलं तर तेल पितं आणि चिवट होतं. व्हिनेगरमध्ये बुडवून खातात.

माजघर
पान्सित हाबहाब चुकवू नका. केळीच्या पानाच्या तुकड्यावर परतलेल्या मिकी नूडल्स, वरून व्हिनेगर, चमचा-काटा नाही, पान उचलून थेट तोंडाला लावायचं. व्हिनेगर ऐन खाताना आणि थोडंथोडं घाला, एकदम ओतलं तर पानाच्या कडेने अंगावर येतं. शाकाहारी असाल तर आधी विचारा, त्यात बहुतेक डुकराचं मांस असतं. लोंगानिसा लसूण आणि ओरेगानोची, चवीला आंबटसर. कच्ची घेतली तर आधी थोड्या पाण्यात शिजवायची, पाणी आटलं की सुटलेल्या चरबीतच परतायची. सुरुवातीलाच मोठी आच दिली तर वरून करपते आणि आत कच्ची राहते.