मदत हवी आहे: पासपोर्ट भारतीय, शाळा टेक्सासची. एनबीए ड्राफ्टला वयाचा कोणता नियम लागतो?

मंडळी, नमस्कार. बास्केटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगतो. एनबीए ही अमेरिकेची बास्केटबॉल लीग आणि ड्राफ्ट म्हणजे तिच्या संघांनी दरवर्षी नवे खेळाडू निवडणं, एवढंच कळलंय. भोसरीत एका कारखान्यात २६ वर्षं काढली, त्यातली ११ युनियनच्या कमिटीत. 'करार' शब्द ऐकला की माझे कान टवकारतात, म्हणून घरच्यांनी हे लचांड माझ्या गळ्यात टाकलंय.

पुतण्या टेक्सासात आहे. धाकटा भाऊ एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, पोरगं त्याच्या कुटुंबासाठीच्या एच-४वर. पुण्यात नववी करून २०२३ मध्ये गेलं, मे २०२६ मध्ये तिथली बारावी संपेल. जन्म डिसेंबर २००७ चा, उंची सहा फूट सात इंच (आमच्या घराण्यात कुठून आली, देव जाणे).

तिथल्या एका ट्रेनरने भावाच्या डोक्यात भरवलंय की पासपोर्ट भारतीय, म्हणजे पोरगा 'इंटरनॅशनल प्लेअर'. ड्राफ्टच्या सालात १९ पूर्ण होत असले की बास. डिसेंबरात होतातच, मग याच जूनच्या ड्राफ्टला नाव घालू. त्याचे अडीच हजार डॉलर आगाऊ. भाऊ भरायला निघालाय, भावजय अडून बसलीय. भावाचं एकच पालुपद: "सतनाम सिंग नाही का गेला, कॉलेजचं तोंड न बघता?" तेही खोटं नाही. २०१५ मध्ये डॅलसच्या संघाने त्याला ५२व्या क्रमांकावर घेतलं, फ्लोरिडाच्या अकादमीतून थेट.

शेवटी मी एनबीए आणि खेळाडूंच्या युनियनमधला २०२३ चा करार उतरवून घेतला. सहाशेच्या वर पानं! आमचा शेवटचा करार २२ पानांचा, त्यातली चार कॅन्टीनची. कलम १० मध्ये ड्राफ्टचं सगळं आहे. १९ वर्षांचं कळलं, पण पुढे आणखी एक अट दिसते: शाळा सुटल्यावर एनबीएचा एक पूर्ण हंगाम उलटलेला हवा. ही अट कोणाला आहे आणि कोणाला नाही, तिथे माझी गाडी अडलीय. पासपोर्टचा उल्लेख मला तरी कुठे सापडला नाही.

दुसरा प्रश्न माझ्या खाजेपोटी. वयाची अट घालू देणाऱ्या करारावर खेळाडूंच्याच युनियनने सही कशी केली? ज्या पोरांना ती लागते ती तर सभासदही नाहीत.

प्रतिसाद

काका, आधी पैसे थांबवा.

पासपोर्टचा संबंधच नाही. इंटरनॅशनल धरला जायला तीन गोष्टी लागतात: ड्राफ्टच्या आधी किमान तीन वर्षं अमेरिकेबाहेर राहून खेळलेला, अमेरिकेत कॉलेजला नाव घातलेलं नाही, आणि हायस्कूल अमेरिकेत पूर्ण केलेलं नाही. तुमचा पुतण्या पहिल्या आणि तिसऱ्या अटीतच बाद होतो. म्हणजे हंगामाची अट त्याला लागू. मे २०२६ ला शाळा सुटली की जून २०२६ चा ड्राफ्ट गेला, लवकरात लवकर २०२७. सतनामच्या वर्गाची शाळा आधीच संपली होती, तो त्याच अकादमीत एक वर्ष जास्तीचं खेळला. ते वर्ष लोक विसरतात.

लवकर नाव द्यायचं तर लीगला किमान ६० दिवस आधी लेखी पत्र जातं, बस. मधल्या माणसाचं त्यात काय काम? एजंटला युनियनचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याचा मोबदला खेळाडूच्या करारातून, जास्तीत जास्त ४ टक्के. कॉलेजात खेळायचं असेल तर शाळेच्या समुपदेशकाला विचारल्याशिवाय कशावरही सही नको.

आता युनियनचं. पूर्वी लीगची स्वतःचीच अट होती, शाळेनंतर चार वर्षं. स्पेन्सर हेवुड नावाचा खेळाडू कोर्टात गेला आणि १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टात त्याच्या बाजूने लागलं. पुढे गार्नेट (१९९५), कोबी (१९९६), लेब्रॉन (२००३) शाळेतून थेट आले. २००५ च्या करारात लीगचे तेव्हाचे प्रमुख (कमिशनर) स्टर्न यांना २० वय हवं होतं, तडजोड १९ वर झाली. हेवुडच्या वेळी अट एकतर्फी होती, ही वाटाघाटीतून आली. अमेरिकन फुटबॉलमध्ये मॉरिस क्लॅरेट या खेळाडूने २००४ मध्ये अशाच अटीला आव्हान देऊन पाहिलं, तर अपील कोर्ट म्हणालं, हा मालक आणि युनियनमधला विषय, मक्तेदारीविरोधी कायदा इथे चालणार नाही. आणि सही का केली? संघात खुर्च्या मोजक्या. १८ वर्षांचं पोर आलं की एक जुना जाणार, आणि मत देतो तो जुना.

धागाकर्ता

आभारी आहे. शेवटचं वाक्य झोंबलं हो. आपल्याकडे जुन्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातही कलम १८(३) होतंच: समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार नंतर लागणाऱ्या कामगारालाही बांधून ठेवायचा. मागच्या करारात आम्ही नव्या भरतीची ग्रेड खाली आणली आणि आमची वाढ पदरात पाडून घेतली. पुढच्या महिन्यात गेटबाहेरच्या टपरीवर एका ट्रेनीने विचारलं, "दादा, आमच्या वतीने सही कोणी केली?" मी चहाचे पैसे देऊन निघालो होतो.

भावाला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. पैसे थांबलेत. पोराला फोन केला तर म्हणतो, "काका, २०२७ चं मला दिवाळीपासून माहितीये. मला विचारलं कोणी?"

एच-४वर असताना कॉलेजात खेळताना आपलं नाव-चेहरा जाहिरातीत वापरू देण्याचे पैसे घेता येतात का, त्यासाठी वेगळा धागा काढतो.